माघ वद्य चतुर्दशीचा घाट

पुण्याहून मोटारीने भीमाशंकरास जाणाऱ्याला देवळाशी पोहोचण्यासाठी पायऱ्या उतराव्या लागतात आणि कोकणातून जाणाऱ्याला सबंध सह्याद्री चढावा लागतो. देव एकच, पण घाटावरच्या माणसाला तो खोलात सापडतो आणि कोकणातल्या माणसाला उंचावर. मी स्वतः पहिल्या वर्गातला. मंचर, घोडेगाव ही वाट मोटारीने इतक्या वेळा केलेली, की वळणे मोजण्याचेही कुतूहल उरले नव्हते; परंतु शिवरात्रीच्या रात्री त्या स्थळी असावे आणि तेही कर्जतकडून, खांडसच्या गणेशघाटाने चढून जावे, ही इच्छा मनात पुष्कळ वर्षे पडून होती. गुडघ्यांनी आपली नापसंती लेखी कळवण्यापूर्वी ती पुरी करावी, असे ठरवून या खेपेस माघ वद्य चतुर्दशीच्या दुपारी कर्जत स्थानकावर उतरलो.

कर्जत तालुका रायगड जिल्ह्यात मोडतो; १९८१ पूर्वीचे दस्तऐवज चाळणाऱ्याला तो कुलाबा जिल्हा म्हणून भेटतो. स्थानकाबाहेर सहाआसनी रिक्षात आम्ही अकरा जण बसलो आणि कशेळ्यावरून खांडसला पोहोचलो, तेव्हा तीन वाजून गेले होते. गावाच्या पुढे एका पुलाशी वाटा फुटतात. डावीकडची शिडीघाटाची, तिच्यावर नावाप्रमाणे खरोखरच शिड्या आहेत आणि ती तरुणांना व माकडांना उपयुक्त आहे. उजवीकडची गणेशघाटाची, ती लांब, वळसे घेणारी, पण वयस्क माणसाचा मान राखणारी. चढणाऱ्यांत ठाणे-कल्याणकडची पोरे होती, पाठीवर पिशव्या आणि कानांत गाणी लावलेली. नऊवारी नेसलेल्या, अनवाणी बायका होत्या. आणि पाच वर्षांच्या नातवाला खांद्यावर घेतलेला एक आजोबा होता, जो माझ्या पुढे निघून गेला आणि मला पुन्हा दिसलाच नाही.

फाल्गुन तोंडावर आलेला असल्यामुळे खालचे रान वाळले होते. गवत पिवळे पडून पायाखाली निसटत होते, पळस निष्पर्ण होऊन केशरी पेटला होता, काटेसावरीची जाडजूड लाल फुले वाटेवर पडून चुरगळली होती. गणपतीच्या लहानशा देवळाशी विसावा घेऊन पुढे निघाले, की पदरगडाचा कातळ बराच वेळ सोबत करतो. डोंगराला वळसा घालून पठारावर येईपर्यंत ऊन कलले आणि जेथे शिडीघाटाची वाट येऊन मिळते, तेथे पाल्याने शाकारलेल्या चहाच्या झोपडीपुढे मी अक्षरशः बसकण मारली.

झोपडीत एक पन्नाशीची ठाकर बाई चुलीपुढे होती. “काका, उपासाचं हाय, खा,” असे म्हणून तिने उकडलेले रताळे पुढे केले. मी चहा मागितला. उपवासाला चहा चालतो का, हा प्रश्न आपल्या धर्मनिबंधकारांनी हाताळलेला नाही, कारण त्यांच्या काळी चहा नव्हता. आणि जे निषिद्ध म्हणून नोंदलेले नाही ते ग्राह्य, असा सोयीचा अर्थ मराठी माणसाने केव्हाच लावून टाकला आहे. “वरती कधी जाता, मावशी?” मी विचारले. “आज कशी जाईन? सकाळपोत माणूस सरत नाही,” ती म्हणाली आणि भांड्यात आणखी पाणी ओतले.

पुढची चढण दाट झाडीतून आहे आणि तीच खरी दमछाक करणारी. जसजसे वर जावे तसतसे रान हिरवे होत जाते. जांभूळ, हिरडा, अंजनी यांची गर्दी वाढते. हिरडा येथील महादेव कोळ्यांच्या संसाराला आधार देणारे झाड आहे. कोवळा बाळहिरडा वाळवून विकावयाचा, ही या डोंगरातील जुनी वहिवाट. १९८५ साली या टापूचे अभयारण्य झाले. तांबूस अंगाची, झुपकेदार शेपटीची शेकरू, म्हणजे आपल्या राज्याचा मानाचा प्राणी, तेथे राहते. पण ती दिवसाची रहिवासी असल्यामुळे तिच्या घरट्याचा एक काळा गोळा फांदीच्या बेचक्यात पाहिला आणि तेवढ्यावर समाधान मानले. मग काळोख झाला. अमावास्येच्या आदल्या तिथीला चंद्राकडून उजेडाची अपेक्षाच करता येत नाही. त्यामुळे चढणाऱ्यांच्या विजेऱ्यांची एक वेडीवाकडी रांग पुढे, एक मागे, आणि अधूनमधून ‘हर हर महादेव’चा गजर, जो वरून आला की धीर वाटे आणि खालून आला की आपण मागे पडलो नसल्याचे समाधान मिळे. माथ्यावर, हजार मीटरांच्या घरात पोहोचलो तेव्हा साडेआठ झाले होते. शास्त्राच्या भाषेत सांगावयाचे, तर रात्रीचा पहिला याम चालू होता.

शास्त्राच्या या भाषेविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. वद्य चतुर्दशी दर महिन्यास येते आणि दर महिन्याची ती शिवरात्रीच असते; माघातली तेवढी महाशिवरात्र. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपवतात, म्हणून हीच रात्र त्यांच्या पंचांगात फाल्गुनात पडते. रात्र बदलत नाही, फक्त दप्तरातले खाते बदलते. इतर बऱ्याच व्रतांसाठी तिथी सूर्योदयाला आहे की नाही ते पाहण्याचा प्रघात. येथे मात्र मध्यरात्री जी तिथी असेल ती प्रमाण. रात्रीचे पंधरा मुहूर्त कल्पून त्यांतला आठवा तो निशीथकाळ. आपल्याकडे माघअखेरीस तो साधारण साडेबारा ते सव्वा या वेळी येतो आणि त्याच वेळी आदिलिंग प्रकट झाले, अशी श्रद्धा आहे. लोकांत शिवपार्वतीच्या विवाहाची रात्र म्हणूनही ती मानली जाते, हालाहलाच्या प्राशनाशीही तिचा संबंध जोडतात. मूळ पैठणच्या घराण्यातल्या कमलाकरभट्टांनी काशीत १६१२ साली ‘निर्णयसिंधू’ सिद्ध केला, आणि १७९० च्या सुमारास पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी ‘धर्मसिंधू’ लिहिला; दोन्ही ग्रंथांत या तिथीची चर्चा सूक्ष्म आहे. उपवास, पूजा आणि जागर ही या व्रताची तीन अंगे. त्यांतल्या पहिल्याचाच आपण एवढा बोलबाला केला आहे, की उरलेली दोन जणू परिशिष्टात गेली आहेत.

आणि पहिल्याचे तरी काय केले? ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण शिवरात्रीलाही बेलाशक लागू पडते. देवळाच्या वाटेवरील दुकानांत साबुदाण्याच्या खिचडीचे डोंगर, बटाट्याची भाजी, दाण्यांचे लाडू, तळलेल्या मिरच्या असा थाट होता. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद, बटाटा, रताळे, भुईमूग, मिरची ही सगळी मंडळी मूळची अमेरिकेची. त्यांतली बरीचशी पोर्तुगिजांच्या गलबतांतून या देशात उतरली. कमलाकरभट्टांनी साबुदाण्याचा विचारही केला नसेल. ज्याला उपवासाचे खरे देशी खाणे म्हणावे, ते कवठ. शिवरात्रीच्या सुमारास ते पिकते आणि त्याचा गर गुळाबरोबर कालवून केलेली, आंबटगोड, किंचित तुरट चटणी आमच्या घरी त्या एका दिवशीच होत असे; त्यामुळे कवठाच्या कवचीवर दगड आपटल्याचा आवाज ऐकला, की मला अजूनही बेलाचा वास येतो. एका म्हातारीपाशी कवठे दिसली, तेव्हा दोन घेतली.

देऊळ नागर घाटणीचे. शिखराच्या बांधकामाशी नाना फडणिसांचे नाव जोडलेले आहे. शिवछत्रपतींनी खरोसी हे गाव देवस्थानाला दिल्याचे सांगतात. समोर टांगलेली मोठी घंटा मात्र देवळासाठी ओतलेलीच नव्हे. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तेव्हा तेथील चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी विजयचिन्हे म्हणून आणल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावर एक आहे, वाईजवळ मेणवलीला एक आहे, आणि एक येथे. त्या रात्री तिच्यापाशी उभे राहून, मघाशी पाहिलेला साबुदाण्याचा डोंगर आठवून मला हसू आले: देवापुढे पोर्तुगिजांची घंटा आणि भक्तांच्या पोटात पोर्तुगिजांनी आणलेले कंद, आणि मध्ये आमचे अत्यंत सनातन व्रत!

येथील लिंग हेच बारांतले सहावे ज्योतिर्लिंग की नव्हे, यावरही एक जुना कज्जा आहे. शिवपुराणात कुंभकर्णाचा पुत्र भीम याच्या वधाची कथा कामरूप देशात घडते. म्हणून आसामातले लोक गुवाहाटीजवळच्या भीमशंकरावर हक्क सांगतात. आमच्याकडची कथा त्रिपुरासुराच्या युद्धानंतर या डोंगरावर विसावलेल्या शंकराच्या घामाची. त्या घामाची भीमा नदी झाली. या दाव्याचा निकाल कोणत्याही कचेरीतून मिळण्याजोगा नाही. दोन्ही पक्षांकडे देव, डोंगर आणि रांग आहे, एवढे पुरे.

रांग मात्र खरी होती. पोलिसांचा बंदोबस्त, दोरखंड, आरोग्य खात्याचा तंबू, आणि त्यांतून मुंगीच्या पावलाने सरकणारी माणसे. दर्शनाला तीन तास लागले आणि ते मिळाले ते डोळ्यांच्या एका उघडझापीपुरते. गाभाऱ्यात काय चालले आहे ते रांगेतल्या माणसाला दिसत नाही, फक्त ऐकू येते. आणि ऐकू येत होता तो रुद्र. तैत्तिरीय संहितेतल्या या भागाचे नमक आणि चमक असे दोन विभाग, प्रत्येकाचे अकरा अनुवाक. अकरा वेळा नमक आणि प्रत्येक आवर्तनाला चमकाचा एकेक अनुवाक म्हटला, की एकादशनी झाली. अशा अकरांचा लघुरुद्र, अकरा लघुरुद्रांचा महारुद्र आणि अकरा महारुद्रांचा अतिरुद्र, म्हणजे १४,६४१ आवर्तने. अकराने गुणत जाण्याची ही रीत लहानपणी मला कंटाळवाणी वाटे. रात्री साडेअकराला, दमल्या पायांनी, अनेक कंठांतून एकाच उंचीवर चाललेला तो घोष ऐकताना तिचे कारण थोडेसे कळल्यासारखे वाटले: शब्द झिजून झिजून अर्थाच्या पलीकडे जातात आणि मग उरतो तो नुसता श्वास.

दर्शन घेऊन बाहेर आलो तो एका ओवरीत मला या यात्रेतली खरी पूजा भेटली. जुन्नरकडचे एक वृद्ध जोडपे कांबळे अंथरून बसले होते. पुढे तांब्याचे ताम्हन, त्यात घरचे, अंगठ्याएवढे बाणलिंग. बाजूला चार वाट्या झाकून ठेवलेल्या, बेलाची जुडी, आंब्याच्या मोहराची एक डहाळी, आणि गजर लावलेले जुने घड्याळ. चार यामांच्या चार पूजा आजोबा गेली कित्येक वर्षे करीत आले होते. पहिल्या यामात दूध आणि ईशान हे नाव, दुसऱ्यात दही आणि अघोर, तिसऱ्यात तूप आणि वामदेव, चौथ्यात मध आणि सद्योजात. दुधाची वाटी रिकामी झालेली होती. मला बसायला जागा देऊन त्यांनी दह्याचा अभिषेक चालवला, तोच देवळाकडून एकाएकी मोठा गजर उठला. निशीथकाळ लागला होता. घंटा, शंख, माणसांचा आवाज, असा कल्लोळ त्या खोलगट जागेतून वर उसळला आणि ओवरीतल्या आजोबांनी घाई न करता दह्याची वाटी पूर्ण निथळू दिली, पळीभर पाणी घातले, त्रिदल पालथे करून वाहिले, मगच हात जोडले.

तिसऱ्या यामाला थंडी वाढली आणि झोपेने आम्हा तिघांवरही अंमल बसवला. आजी बसल्या जागी पेंगल्या. “अगं, तूप,” आजोबा म्हणाले. “अहो, जागीच आहे मी,” असे म्हणून त्यांनी डोळे न उघडता वाटी पुढे केली. ती मधाची होती. आजोबांनी ती निमूटपणे बाजूला ठेवली आणि तुपाची स्वतः घेतली. जागराचे महत्त्व सांगणारे पुष्कळ वाचले होते. पण जागर म्हणजे झोपेचा अभाव नव्हे, तर झोप येत असताना वाट्यांचा क्रम सांभाळणे होय, हे तेथे पाहिले. उपवासाला भूक लागते ती सकाळी आणि दुपारी. रात्र झाली की ती थकून गप्प बसते. झोपेचे तसे नाही. ती पहाटेपर्यंत वाढतच जाते. या व्रताची मेख पोटात नसून पापण्यांत आहे.

तेवढ्यासाठीच की काय, या व्रताची कथा जागरणाच्या अपघातावर उभी आहे. ओवरीच्या दुसऱ्या टोकाला एक बाई ‘शिवलीलामृता’चा दुसरा अध्याय वाचत होत्या, व्याधाचा, हरिणींचा. शिवपुराणात या भिल्लाचे नाव गुरुद्रुह. तो झाडावर बसतो ते शिकारीसाठी, उपाशी असतो तो शिकार न मिळाल्यामुळे, जागा राहतो तो सावज निसटू नये म्हणून, आणि पाने तोडून खाली टाकतो तेव्हा झाड बेलाचे आहे नि खाली लिंग आहे याचा त्याला पत्ताही नसतो. गरुडपुराणातली कथा आणखी रोकडी आहे, महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’त तिचा निर्देश केला आहे. अबूच्या डोंगरावरचा सुंदरसेनक नावाचा निषादराजा कुत्रा घेऊन शिकारीला जातो; अंगावरची धूळ बसवण्यासाठी घेतलेले पाणी लिंगावर शिंपडले जाते, हातून निसटलेला बाण उचलायला गुडघे टेकतो तेव्हा लिंगाला स्पर्श होतो. झाली पूजा! त्याची आणि त्याच्या कुत्र्याचीही.

मला या विसंगतीचे नेहमी नवल वाटत आले आहे. एकीकडे तिथी, मुहूर्त, याम, द्रव्य, नाम यांचा घटकापळांपर्यंत हिशेब ठेवणारे ग्रंथ. कोणत्या दिशेने पाणी पडते ते पाहून सोमसूत्र न ओलांडता प्रदक्षिणा अर्ध्यावरून मागे वळवणारी शिस्त. आणि त्याच व्रताची फलश्रुती सांगताना उदाहरण मात्र अशा माणसाचे, ज्याने यातले काहीही जाणूनबुजून केले नाही. जुन्या मंडळींना ही विसंगती दिसली नसेल, असे मानणे म्हणजे त्यांना भोळे समजणे. त्यांनी ती मुद्दाम ठेवली असावी, असे मला वाटते. मी हे आजोबांना बोलून दाखवले. ते म्हणाले, “त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून त्याचं चाललं. आपल्याला ठाऊक आहे. आपल्याला करावंच लागतं.” आणि त्यांनी मधाची वाटी उघडली, चौथा याम लागला होता.

उजाडण्यापूर्वी मी पूर्वेकडे चंद्राची शेवटची कोर दिसते का ते पाहण्यासाठी उंचावर जाऊन उभा राहिलो. चतुर्दशीला एकच कला उरलेली असते आणि शंकराने मस्तकी धरली ती तीच, असे म्हणतात. धुक्याने ती दाखवली नाही. तेथून उतरून भीमेचे उगमस्थान म्हणून दाखवतात त्या पाण्याशी गेलो. कुंडातले पाणी गार आणि इतके थोडे, की हेच पुढे उजनीचे धरण भरते, पंढरपूरला चंद्रभागा म्हणून मिरवते आणि रायचूरकडे कृष्णेला मिळते, यावर विश्वास ठेवणे व्याधाच्या कथेइतकेच कठीण. ओंजळीत ते घेतले तेव्हा एक गोष्ट सहज ध्यानात आली, जी इतक्या वर्षांच्या वाचनात आली नव्हती. तिथीचा कायदा सांगणारा ‘धर्मसिंधू’ लिहिला गेला तो या नदीच्या काठी, पंढरपुरास. आणि व्याधाची कथा मराठीत आणणारा श्रीधरकवी नाझऱ्याचा, ज्याने शके १६४० मध्ये ‘शिवलीलामृत’ पूर्ण केले ते बारामतीत, कऱ्हेच्या तीरी. कऱ्हा नीरेला मिळते, नीरा भीमेला. कायदा आणि कथा, दोन्ही एकाच पाण्यावर वाढलेली.

ओवरीत परत आलो तर जोडपे निघून गेले होते. घड्याळ, ताम्हन, वाट्या सगळे आवरलेले. जागा झाडून स्वच्छ केलेली. माझ्या पिशवीवर मोहराची डहाळी आणि बेलाची चार पाने ठेवलेली होती.

उतरण सोपी असते हा चढताना होणारा गैरसमज आहे. कालचे गुडघे आज उलट तपासणीला उभे राहिले. पठारावरच्या झोपडीशी आलो तेव्हा दहा वाजले होते. पारण्याला तेथे तांदळाची भाकरी, पिठले आणि कांदा मिळाला; छत्तीस तासांनी मिळालेल्या त्या पहिल्या घासापुढे कालचे रताळे उगाचच क्षुद्र वाटले. चूल अजून पेटलेलीच होती. मावशींचे डोळे लाल झाले होते. रात्रभर वर जाणारे, पहाटेपासून खाली येणारे, त्यांना पाठ टेकायला फुरसत मिळाली नव्हती.

“काय खाल्लं की नाही तुम्ही?” मी विचारले.

“आता खाईन. रातभर कुणी बसू दिलं?” त्या म्हणाल्या.

मी पैसे देताना त्यांना बेलाची पाने दिली. त्यांनी धुरकटलेला हात लुगड्याला पुसला, पाने कपाळाला लावली, आणि ठेवायला दुसरी जागा न दिसल्यामुळे चहाच्या पुडीच्या डब्यात टाकून झाकण लावले. खालून नव्या माणसांचा आवाज येऊ लागला होता. त्यांनी भांडे चुलीवर चढवले.